वही कोणाच्या घरात?

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राची हद्द संपण्याच्या थोडे अलीकडे, दुधनी लागते. अक्कलकोट तालुक्यातील हे बाजारगाव. पलीकडे कलबुर्गी जिल्हा, म्हणजे तुरीचे आगर. अलीकडे सोलापूरची कोरडवाहू जमीन. दुधनीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत म्हणूनच तुरीला मान आहे, आणि बाजारातले बोलणे निम्मे कानडी, निम्मे मराठी. पोते काट्यावर चढले की कागद सुरू होतो. तोलाराची काटापट्टी, अडत्याची हिशेबपट्टी, हमाली आणि तोलाईची नोंद, समितीची बाजार फी, सोसायटीच्या पीककर्जाची बाकी. शेतकऱ्याच्या हातात शेवटी जी रक्कम पडते ती पोत्यातील तुरीइतकीच या कागदांवर ठरते. कागद कोणी लिहिला, तो कोठे राहिला आणि वाद उपस्थित झाला तर तो कोणाला पाहता येईल, हे प्रश्न वरवर कारकुनी वाटतात. वस्तुतः ते भाकरीचे आहेत.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागलेले नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या उठावात गावोगाव खते जाळली गेली. वही एकच, ती सावकाराच्या घरात, तिच्यातील अक्षर सावकाराचे, आणि न्यायालयात पुरावा म्हणून मान्यता तिलाच. मग तिच्यात काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याने कसे जाणावे? पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. (अक्कलकोट त्या वेळी संस्थान होते.) सावकाराने पावती द्यावी, ऋणकोला हिशेबाचा उतारा मिळावा, दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावेत, अशी कलमे त्यात घालावी लागली. एकुलती एक वही ज्याच्या ताब्यात असते तो खोटे न लिहिताही मालक ठरतो, हे परक्या सरकारलासुद्धा कळून चुकले होते.

आज वही संगणकात गेली आहे. तेथून ती आणखी पुढे, ज्याला ‘क्लाऊड’ म्हणतात तेथे गेली आहे. हे नाव मोठ्या चातुर्याने निवडलेले आहे. ढग कोणाच्या मालकीचा नसतो, तो सर्वांच्या शेतावर सारखा पाऊस पाडतो, असा लोकांचा समज असतो. हा ढग मात्र कोणत्यातरी कंपनीच्या, कुलूपबंद इमारतीतील यंत्रांच्या रांगा होय, आणि त्यात ठेवलेल्या कागदाला त्या कंपनीच्या अटी लागू होतात. लहान संस्थांतील सर्रास रीत अशी की, सभेची इतिवृत्ते, सभासदांची यादी, लेखापरीक्षणाचे अहवाल, सारे एखाद्या सचिवाच्या किंवा कारकुनाच्या वैयक्तिक खात्यात, गुगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ गिगाबाइटच्या कोपऱ्यात पडलेले असते. घाईचे काम व्हॉट्सॲपवर. कारकून निवृत्त झाला, भांडून गेला किंवा त्याचा भ्रमणध्वनी हरवला की संस्थेच्या स्मरणशक्तीचा एक तुकडा त्याच्याबरोबर जातो. जागा भरली की नवे कागद स्वीकारले जात नाहीत आणि दरमहा भाडे सुरू करावे लागते. या रीतीत कोणाचा दुष्ट हेतू नसतो. ज्याने सोय केली त्याने सद्भावनेनेच केलेली असते. सावकाराच्या दारातही प्रथम सोयीसाठीच जावे लागत असे.

हा ढग एका हुकमाने कसा नाहीसा होतो, हे भारताने जुलै २०२५ मध्ये पाहिले. गुजरातेतील वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तीत रशियाच्या रोसनेफ्ट कंपनीची सुमारे ४९ टक्के भागीदारी आहे. १८ जुलै रोजी युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिची टपालाची आणि कामकाजाची सेवा बंद केली. पैसे भरलेले होते, करार होता, कारखाना भारतात होता, भारताच्या कोणत्याही कायद्याचा भंग झालेला नव्हता. तरीही स्वतःचीच माहिती मिळावी म्हणून या कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. सेवा पुढे सुरू झाली. नायरा ही काही गरिबांची कैवारी नव्हे, तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेल्या आणि वकिलांची फौज उभी करू शकणाऱ्या कंपनीची ही अवस्था होत असेल, तर तालुक्याच्या गावातील सोसायटीने कोणत्या न्यायालयाची पायरी चढावी?

समाजवादी चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९७३ च्या विदेशी चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी आपली भागीदारी ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावी, असा आग्रह जनता सरकारचे उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी धरला, आणि तो न मानता आयबीएम कंपनी १९७८ साली भारतातून निघून गेली. ही कंपनी इतरत्र जुनी झालेली यंत्रे डागडुजी करून भारतीय संस्थांना भाड्याने देत असे. यंत्र तिचे, दुरुस्ती तिची, भाडे संस्थेचे. फर्नांडिसांच्या निर्णयाची वाहवा आजही होते. त्याच्या दुसऱ्या बाजूचे स्मरण मात्र फारसे कोणी ठेवत नाही. कंपनी गेली तरी तिची यंत्रे बंद पडली नाहीत, कारण १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने त्यांची देखभाल अंगावर घेतली. दुरुस्त करणारे हात तयार होते म्हणून बाणेदारपणा परवडला. (तीच संस्था २००१ साली टाटांच्या हाती सोपवण्यात आली, हा वेगळा शोकाध्याय आहे.) आज भाड्याची तीच पद्धत नव्या नावाने परत आली आहे, आणि या वेळी यंत्र तर दृष्टीसही पडत नाही.

पर्याय आहे, आणि तो कल्पनेतला नाही. संस्थेने आपल्या कार्यालयात, किंवा काही संस्थांनी मिळून एका जागी, साधा संगणक सर्व्हर म्हणून चालवावा. त्यावर कागदपत्रे साठवण्याचे आणि वाटून घेण्याचे सॉफ्टवेअर बसवावे. बाजारात बसलेल्या तपासनिसाला आपल्या भ्रमणध्वनीवरून तोच कागद पाहता येतो, जो कार्यालयात टेबलावर उघडला आहे. कोणी काय पाहावे, कोणी बदलावे, कोणाला दिलेला दुवा किती दिवसांनी बंद व्हावा, हे संस्था ठरवते. एखादी नोंद कोणी बदलली तर आधीची प्रत मागे राहते. फ्रँक कार्लिचेक या जर्मन संगणकतज्ज्ञाने २०१० साली ‘ओनक्लाऊड’ नावाने असे सॉफ्टवेअर सुरू केले. २०१६ साली कंपनीच्या धोरणाशी मतभेद होऊन तो आणि त्याचे बरेच सहकारी बाहेर पडले, आणि त्यांनी त्याच सॉफ्टवेअरची ‘नेक्स्टक्लाऊड’ ही नवी शाखा काढली. फुटीचा अनुभव समाजवाद्यांना कमी नाही. पक्ष फुटला की झेंडा कोणाचा, कार्यालय कोणाचे, दप्तर कोणाच्या कपाटात, यावर वर्षे जातात. येथे मात्र फुटणाऱ्या दोघांनाही सगळेच्या सगळे दप्तर मिळाले. कोणालाही कोणाकडून हिसकावून घ्यावे लागले नाही. मूळ ओनक्लाऊड कंपनी २०२३ साली काइटवर्क्स या अमेरिकी कंपनीने विकत घेतली, तरी नेक्स्टक्लाऊड वापरणाऱ्याचे काही अडले नाही.

हे शक्य होते ते परवान्यामुळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जी मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली, तिचे सूत्र असे की, सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते कोणत्याही कामासाठी चालवण्याचा, आतून वाचून बदलण्याचा, दुसऱ्याला देण्याचा आणि बदललेले रूपही वाटण्याचा हक्क असला पाहिजे. ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ या दोन शब्दांत आपल्याकडे नेहमी गफलत होते. गुगलचा कोपरा मोफत आहे, मुक्त नाही. मुक्त सॉफ्टवेअरला गावच्या गायरानाची उपमा शोभते: त्यावर सर्वांची गुरे चरतात, ते कोणालाही आपल्या नावावर करता येत नाही. गायरानावर अतिक्रमण होते हेही गावकऱ्यांना ठाऊक आहे. येथे ते असे झाले की, मोठ्या कंपन्या मुक्त सॉफ्टवेअर घेत, त्यात आपल्या सोयीचे बदल करत आणि ते केवळ आपल्या यंत्रांवर चालवून लोकांना भाड्याने देत. सॉफ्टवेअर कोणाला ‘दिले’ नाही म्हणून बदल उघड करण्याचे बंधन नाही, असा त्यांचा पक्ष. ती वाट ‘अफेरो’ नावाच्या परवान्याने बंद केली: जाळ्यावरून सेवा देणाऱ्यानेही आपले बदल वापरणाऱ्यांपुढे ठेवले पाहिजेत. नेक्स्टक्लाऊड या परवान्याखाली आहे. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीने केलेले, कागदपत्रे साठवण्याचे ‘फ्रॅपे ड्राइव्ह’ हे सॉफ्टवेअरही याच परवान्याखाली आहे. तेव्हा ही गोष्ट केवळ जर्मनांनाच साधते असे मानण्याचे कारण नाही. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने मात्र २०२४ साली आपल्या कारभारातील सुमारे ३० हजार संगणकांवरून मायक्रोसॉफ्टचे कार्यालयीन सॉफ्टवेअर काढून मुक्त सॉफ्टवेअर आणण्याचे जाहीर केले, आणि कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाऊड निवडले. भारत सरकारचेही मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ पासून कागदावर आहे. त्यात कारण नोंदवून अपवाद करण्याची मुभा ठेवलेली आहे, आणि अशा मुभेचे सरकारी कार्यालयांत काय होते ते सांगायला नको.

आता येथे स्वदेशीचा मुद्दा पुढे केला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना चेन्नईच्या झोहो कंपनीचे कार्यालयीन सॉफ्टवेअर वापरण्याचा आदेश दिला. परदेशी मक्तेदारीपेक्षा देशी कंपनी बरी, हे मान्य. नायरावर आली तशी वेळ त्यामुळे टळेल. परंतु सॉफ्टवेअर आतून वाचता येत नाही, बदलता येत नाही, उचलून आपल्या जागी नेता येत नाही, तोवर मालक कॅलिफोर्नियाचा आहे की चेन्नईचा याने वहीच्या मालकीत काय फरक पडला? सुप्याचे सावकारही परदेशी नव्हते.

त्याहून अधिक विचार करावा अशी गोष्ट सहकाराच्या दारात येऊन उभी आहे. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मंजूर केली: ६३ हजार संस्था, पाच वर्षांत २,५१६ कोटी रुपये, साऱ्या देशासाठी नाबार्डमार्फत एकच सॉफ्टवेअर. हेतूला नावे ठेवता येणार नाहीत. खतावणीत खाडाखोड करून वर्षानुवर्षे संस्था लुटणाऱ्यांना आळा बसेल, लेखापरीक्षण वेळेवर होईल, हा लाभ खराच. तरीही गावच्या सोसायटीची वही तालुका, जिल्हा, राज्य या सर्वांच्या डोक्यावरून थेट एका राष्ट्रीय ढगात जाते, तेव्हा ती वाचणारा आणि तिच्यावरून धोरण ठरवणारा दूर जातो. गावाकडे नोंद भरण्याचे काम उरते. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची मांडणी केली ती गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चारही खांबांवर सत्तेचा भार वाटला जावा म्हणून, आणि लहान घटकाच्या यंत्राचा आग्रह धरला तो यंत्र माणसाच्या आवाक्यात राहावे म्हणून. माहितीची मालकी हा आज सत्तेचाच भाग आहे. केंद्राने एकत्रित आकडेवारी अवश्य घ्यावी. संस्थेची पूर्ण, वाचता येईल अशी, दुसऱ्या यंत्रावर उघडता येईल अशी प्रत संस्थेच्या हाती राहिली पाहिजे, ही मागणी योजनेच्या विरोधात जात नाही.

इतके मान्य झाल्यावर कार्यकर्त्यांनी एका अवघड प्रश्नाला तोंड दिले पाहिजे. वही ‘स्वतःच्या घरात’ आणायची, म्हणजे कोणाच्या घरात? महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास पाहता, सर्व्हर संस्थेच्या कार्यालयात आला म्हणजे सभासदांच्या हाती आला, असे म्हणण्यास फार भोळे असावे लागेल. तो अध्यक्षांच्या केबिनमध्ये बसेल. त्याचा परवलीचा शब्द अध्यक्षांच्या भाच्याला ठाऊक असेल. विरोधी पॅनेल निवडून आले की त्या रात्री तो ‘नादुरुस्त’ होईल. अमेरिकेतील कंपनीला दुधनीच्या अडत्याशी किंवा शेतकऱ्याशी काही देणेघेणे नसते. गावातल्या पुढाऱ्याला ते असते. त्या अर्थाने दूरच्या मालकापेक्षा जवळचा मालक अधिक धोकादायक ठरू शकतो, आणि परक्या ढगाच्या बाजूने करता येण्यासारखा हाच सर्वांत बळकट युक्तिवाद आहे. त्याला बगल देऊन चालणार नाही.

त्याचे उत्तर यंत्रात नसून नियमात आहे, आणि नियम बऱ्याच अंशी अस्तित्वात आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, समितीच्या सदस्यांची यादी, सभांची इतिवृत्ते, आणि वह्यांतील ज्या भागात त्याच्या स्वतःच्या व्यवहाराची नोंद असेल तो भाग विनामूल्य पाहण्याचा हक्क दिलेला आहे. नगरपरिषद आणि बाजार समिती यांना २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. आजवर हा हक्क बजावायचा म्हणजे कार्यालयात खेटे घालायचे, ‘साहेब बाहेर गेले आहेत’ हे ऐकायचे. वर सांगितलेल्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त वाचण्यापुरती परवानगी देण्याची सोय असते. सभासदाला आपले खाते, आपली पट्टी, सभेचे इतिवृत्त घरबसल्या दिसेल, पण बदलता येणार नाही. ही व्यवस्था एका दिवसात करता येते. ती केली नाही, तर सर्व्हर आणण्यामागचा हेतू काय हे उघड होईल. हमालांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यामागे जो लढा झाला, त्याचा गाभा कामाची नोंद व्हावी आणि त्या नोंदीवर हक्क उभा राहावा हाच होता. उचललेल्या पोत्यांचा आकडा टोळीतील प्रत्येकाला त्याच संध्याकाळी पाहता आला, तर हमालीच्या निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटतील.

धोका दुसऱ्या बाजूनेही आहे, तोही लपवू नये. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथे सरकारी माहितीकेंद्राला आग लागली. सरकारी अधिकाऱ्यांनी आपली कागदपत्रे जेथे ठेवावी असा दंडक होता, ते ‘जी-ड्राइव्ह’ हे भांडार त्यात जळून गेले: ८५८ टेराबाइट माहिती, आणि दुसरीकडे प्रत नाही. भांडार सरकारचे होते, देशाच्या भूमीवर होते, कोणा परक्याचा त्यात हात नव्हता. दुधनीला आगीची वाट पाहायचीही गरज नाही. विजेचा लपंडाव, उन्हाळ्यातले तापमान, चकतीला लागलेली कीड, खंडणीसाठी कागद कुलूपबंद करणारे चोरटे सॉफ्टवेअर, यांपैकी एकही पुरेसे आहे. एका गावाने एकट्याने हा प्रपंच करू नये, तो याचसाठी. अक्कलकोट तालुक्यात अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी अशा तीन नगरपरिषदा आहेत; शिवाय बाजार समिती, सोसायट्या, ग्रंथालये, शाळा. दुधनीची प्रत मैंदर्गीत, मैंदर्गीची अक्कलकोटात, अक्कलकोटची दुधनीत. कुलूप घातलेली, म्हणजे ठेवणाऱ्याला ती वाचता येणार नाही, पण प्रसंग आला तर धन्याला परत मिळेल. धान्यकोठीतले बी शेजारच्या घरात ठेवण्यासारखेच हे आहे. खर्च विभागला जातो, आणि देखभालीसाठी पूर्ण पगारावर एक-दोन माणसे ठेवणे परवडते.

ती माणसे कोठून आणायची? सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून माणसाचे श्रमही फुकट मिळतील, असा समज संस्थाचालकांत फार आहे. एखाद्या होतकरू तरुणाला चहा पाजून सर्व्हर बसवून घ्यायचा आणि तो पुण्याला नोकरीला गेला की हात चोळत बसायचे, असे होऊ नये. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरवर संगणकशिक्षण सुरू केले तेव्हा शिक्षकांनाच देखभालीचे प्रशिक्षण दिले. बाहेरच्या ठेकेदारावर भिस्त ठेवली नाही. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांत करून ठेवले आहेत. सोलापुरात विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, त्यांतून दरवर्षी संगणक शिकलेली मुले-मुली बाहेर पडतात आणि त्यांतील पुष्कळजण पुण्या-बंगळुरूची गाडी धरतात. तालुक्याच्या संस्थांनी मिळून दिलेल्या पगारावर त्यांतील दोघे जरी दुधनीत राहिले, तरी १९७८ मध्ये जे दिल्लीच्या पातळीवर घडले त्याची लहान आवृत्ती येथे घडेल.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्याव्या लागतात. त्यापूर्वी लेखी सूचना देऊन विषय मांडण्याचा हक्क सभासदाला आहे, आणि तो चार-पाच माणसांनी बजावला तरी पुरे. संस्थेचे कागद कोणाच्या नावाच्या खात्यात आहेत, त्याचा परवलीचा शब्द किती जणांकडे आहे, शेवटची प्रत केव्हा काढली, ती उघडून पाहिली का, आणि कंपनीने उद्या सेवा बंद केली तर सोमवारी सकाळी कार्यालय कशावर चालेल, याचे उत्तर सचिवांनी सभेपुढे लेखी ठेवावे, असा ठराव कोणत्याही पक्षाच्या सभासदाला मान्य होण्यासारखा आहे. सभेची नोटीस दुधनीत कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघावी. सभासदांपैकी पुष्कळांना त्यांपैकी एकच वाचता येते.